ग्लुटाचा उजाळा

३ सप्टेंबर

माझ्या लेकीचा, मिमायचा हुकूम आहे, रोज काहीतरी लिहायचं. परवा फोनवर तिनं विचारलं, "नानाय, तू दिवसभर बोलतेस तरी कुणाशी?" मी म्हटलं, शिलाईच्या मशीनशी. यावर हसायचं सोडून पोरीनं थेट आयर्लंडहून, जिथं ती नर्स आहे, ही वही धाडली. वर मेंढीचं चित्र आहे. तिकडं एकट्या आयांना मेंढ्या पाठवायची पद्धत असेल.

लिहायला आहे काय? सप्टेंबर लागला म्हणजे आमच्या इलोइलोत नाताळ लागला. समोरच्या सियांगनं एक तारखेलाच दारावर कागदी चांदणी टांगली आणि सकाळपासून गाणी लावली. तिचं बरं आहे. तिन्ही लेकरं याच गल्लीत, नातवंडांचा नुसता कलकलाट. माझ्या घरात एखादं भांडं पडलं तर ते मीच पाडलेलं असतं, आणि दचकतेही मीच.

पण यंदा माझ्या घरीही नाताळ आहे. मिमाय येतेय. नऊ वर्षांत दोनदा आली, एकदा कागदपत्रांसाठी आणि एकदा बापाला पुरायला. नाताळला कधीच नाही. या खेपेला रजा टाकणार म्हणाली.

९ सप्टेंबर

व्हिडिओवर बोलता बोलता मिमाय थांबली. "नानाय, चेहरा किती उतरलाय गं तुझा. जेवतेस ना नीट?" म्हटलं, जेवते. खोटं नाही, नूडल्स हे जेवणच आहे. एकटीसाठी भात टाकायचा, बाजारातून मासा आणायचा, तळायचा, आणि मग नवऱ्याच्या, एलिओच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत खायचा, एवढा उत्साह माझ्यात नाही.

फोन ठेवून आरशासमोर उभी राहिले. काळवंडलेच आहे मी. एलिओ जहाजावरून यायचा असला की आठ दिवस आधीपासून मी उन्हात पाऊल टाकत नसे, आणि तो आल्या आल्या म्हणायचा, "पुरिंग, तू तर उजळलीस." आता कुणी यायचं नसतं, म्हणून छत्रीसुद्धा घेत नाही. पोर गोऱ्यांच्या देशातून येणार आणि दारात ही कोळशाची गोणी उभी. छे. काहीतरी करायला हवं.

१६ सप्टेंबर

केलं. मोलोच्या चौकात औषधाच्या दुकानावर रंग उजळवणाऱ्या ग्लुटाचं लाऊंज निघालंय, तिथं जाऊन सलाईन लावून घेतलं. खुर्च्या गुलाबी, भिंती गुलाबी, दिवेही गुलाबी. तिथं बसलेली प्रत्येक बाई नवरीसारखी दिसते, मीसुद्धा.

सुई टोचणारी नर्स आहे सेल्डा. सव्वीसची पोर, परीक्षा पास होऊन सौदीच्या नोकरीच्या कागदांची वाट बघत बसलीय. म्हणाली, "नानाय, गोरं व्हायचंय की तब्येतीसाठी?"

"एकाच सुईत होत असेल तर दोन्ही कर."

हसली. मग शीर शोधता शोधता समजावत बसली, की हे ग्लुटाथायोन म्हणजे काही परकं औषध नव्हे, आपलं यकृत ते स्वतःच बनवतं. अंगात जे काही विषारी साचतं, गंज चढतो, ते निस्तरायचं काम त्याचं. तरुणपणी भरपूर असतं. "पण वय झालं की कमी बनतं. त्यात झोप नसली, काळजी असली, पोटात धड अन्न नसलं, गोळ्या फार झाल्या, की असतं तेही खर्ची पडतं."

"मग माझी टाकी कधीच कोरडी पडली म्हण."

"गोळ्या घेता का तुम्ही?"

"सगळं जग घेतं तेवढ्याच."

शीर सापडेना. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला, ऊब आली की शीर वर येते म्हणाली. एलिओ गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. मला वाटलं, शीर न सापडली तरी चालेल.

२४ सप्टेंबर

दुसरं सलाईन झालं. बरं वाटतंय असं वाटतंय.

डोकं मात्र सोडत नाही. शिवून शिवून मानेपासून चढतं. डोक्याला पांढरी गोळी, नाक चोंदलं की पिवळी, गुडघ्याला हिरवी. एकीचं काम दुसरी करत नाही, म्हणून तिन्ही घ्याव्या लागतात. झोपताना पुन्हा पांढरी, कारण ती घेतली की पडल्या पडल्या घराचा आवाज ऐकू येत नाही. रिकाम्या घराला आवाज असतो, हे सियांगला सांगून कळायचं नाही.

७ ऑक्टोबर

आता मंगळवारची वाट बघते. सोमवारीच ब्लाउज इस्त्री करून ठेवते. सेल्डा ओळखते आता, लांबूनच म्हणते, "आली माझी नानाय." तिची आई दूर गावी असते. मला ठाऊक आहे की नानाय ती येईल त्या प्रत्येक म्हातारीला म्हणते. तरीही.

आज तिनं माझ्या फोनवर काहीतरी दाबून दिलं. आता व्हिडिओत मी दिसते ती सुरकुत्यांशिवाय, गाल गुलाबी, डोळे टपोरे. म्हटलं, "अगं, ही कोण बया?" तर म्हणाली, "ही डिसेंबरची नानाय. सलाईनचा गुण येईपर्यंत हिलाच पुढं करा."

२१ ऑक्टोबर

काय लिहू?

मिमायचा फोन आला. माझा चेहरा बघून खूश झाली. "नानाय, किती टवटवीत दिसतेस. मी उगाच जिवाला घोर लावून घेत होते." मी फुलून गेले. म्हटलं, आता मी काय म्हातारी थोडीच आहे. अगदी मान वेळावून म्हटलं.

मग ती म्हणाली, "मग असं करू का? नाताळात इथं माणसं कमी असतात, मला ड्युटी घे म्हणतायत. तू बरी नसतीस तर मी आलेच असते. पण तू अशी ठणठणीत आहेस तर मार्चमध्ये येते. चालेल ना तुला?"

मी म्हटलं, "चालेल की. माझं काय अडतंय."

तोंडातून हेच आलं. फोन ठेवल्यावर रडले. मग मशीनवर बसून सियांगच्या सुनेचा झगा पूर्ण केला. एक बाही उलटी लागली, ती उसवायची आहे.

२ नोव्हेंबर

काल मेलेल्यांचा सण, कबरस्तानात गेले. अख्खं इलोइलो शहर तिथंच असतं त्या दिवशी. माणसं चटया टाकतात, डबे उघडतात, पोरं मेणबत्त्यांचं मेण गोळा करत पळतात. एलिओच्या कबरीवर मी एकटीच. मी त्याला म्हटलं, "तू जहाजावर, पोर परदेशात, आणि मी कायम धक्क्यावर. एकदा तरी मला मागं सोडून कुणी गेलं नाही, असं बघायचं होतं." त्याच्याशी भांडायला तेवढाच दिवस मिळतो.

सियांगचं अख्खं गोत शेजारीच होतं. तिनं डुकराचं भाजलेलं मटण आणून पुढं केलं. वासानंच घास उतरला नाही. पण सियांग माझ्याकडं बघत राहिली. "पुरिंग, कसली सोनेरी कांती आलीय गं. मेस्तिसा दिसायला लागलीस, गोऱ्या रक्ताची. कितवं सलाईन हे?" तिच्या दोन्ही सुना मान हलवत होत्या. सियांगनं माझं कौतुक केलं, हे एलिओला ऐकू गेलं असेल तर बरं.

सोनेरी. माझं मलाही वाटलं होतं, पण न्हाणीघरातला बल्ब पिवळा आहे, म्हणून खात्री नव्हती. म्हणजे ग्लुटा लागू पडलं. आता मिमाय यायची नाही तेव्हा लागू पडलं, पण लागू पडलं.

१० नोव्हेंबर

अंगाला खाज सुटलीय, रात्रंदिवस. जुनी कातडी जात असेल. लघवी कडक चहासारखी होते, ते सलाईनमधलं जीवनसत्त्व असणार, तेही पिवळंच असतं. भूक म्हणाल तर नावाला नाही. कंबर मात्र अशी गेली की निळा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागला. तिसाव्या वर्षी माझी ही कंबर होती. तेव्हा बघणारा समुद्रात होता.

थकवा आहे. पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून या मंगळवारी गेले नाही. सेल्डाचा फोन येईल असं वाटलं होतं. तिला काय, शंभर नानाय आहेत.

१७ नोव्हेंबर

दवाखान्यातून लिहितेय.

परवा दुपारी सेल्डा घरी आली, केक घेऊन. सौदीचे कागद आले, पुढच्या आठवड्यात विमान. निरोप घ्यायला आली होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, चांगलं लख्ख ऊन होतं. फाटकातून आत येता येता तिचं हसू मावळलं. तिनं मला उन्हाकडं वळवलं आणि पापणी बोटानं खाली ओढली.

"नानाय, हे किती दिवस आहे?"

"काय?"

"डोळे. हळद लावल्यासारखे झालेत."

"गुण आलाय ना," मी म्हटलं. "सियांगला विचार."

ती पायरीवर बसली. "मी तुम्हाला दर आठवड्याला बघत होते," म्हणाली. "त्या गुलाबी उजेडात बघत होते." मी तिला पाणी द्यायला उठले, तर मीच भेलकांडले. मग केक तिथंच राहिला आणि आम्ही तीनचाकीत बसून इथं आलो.

वॉर्डातल्या नर्सनं पहिलं काय विचारलं असेल, तर "बांताय कोण?" प्रत्येक रुग्णाजवळ घरचं एक माणूस लागतं, औषधं आणायला, भात भरवायला, रात्री खुर्चीत झोपायला. बांतायशिवायचा रुग्ण मी तरी कधी बघितला नाही.

"येतेय," मी म्हटलं.

"कोण?"

"मुलगी."

"कुठून येतेय?"

"आयर्लंडहून."

नर्सनं लेखणी खाली ठेवली. तेव्हा सेल्डा मागून म्हणाली, "मी आहे. धाकटी मुलगी. लिहा माझं नाव." मी भिंतीकडं तोंड करून पडले.

१८ नोव्हेंबर

डॉक्टर तिरोल आले. वयानं मिमायएवढे, पण तोंड शाळामास्तरासारखं. मला मानांग, म्हणजे ताई, म्हणतात. माझ्या गोळ्या पलंगावर रंगवार मांडायला लावल्या. "मानांग, पांढरी कशासाठी?" डोक्यासाठी. "पिवळी?" सर्दीसाठी. "हिरवी?" गुडघ्यासाठी.

"तिन्हींच्या पोटात औषध एकच आहे. पॅरासिटामोल. तुम्ही दिवसाला दुप्पट तिप्पट घेत होतात."

मी म्हटलं, "मग रंग वेगळे कशाला देतात मेले?" त्यांनी तिन्ही गोळ्या उचलून नर्सकडं दिल्या.

मग सांगितलं त्यांनी. ही गोळी पोटात गेली की तिचा थोडा भाग विषारी होतो. तो निस्तरायला यकृताला ग्लुटाथायोन लागतं. नीट जेवणाऱ्या माणसाला दोन गोळ्यांनी काही होत नाही. पण ग्लुटाथायोन बनायला अंडं, मासा, कडधान्य असं काहीतरी पोटात जायला हवं. "यकृतातली भांडी घासणारी बाई समजा तिला. तुम्ही खरकटं वाढवत नेलंत आणि तिला जेवायलाच घातलं नाहीत. तीही म्हातारी झालेली. एक दिवस ती उठलीच नाही."

"पण मी तर ग्लुटाच घेत होते. शिरेतून."

"त्यानं हे भरून निघत नाही. त्या बाटलीत आणखी काय होतं तेही मला माहीत नाही. रंग आला तो ग्लुटाचा नव्हता मानांग, काविळीचा होता."

सियांगनं केलेलं एकुलतं एक कौतुक, तेही काविळीचं निघालं.

आता मला पुन्हा सलाईन लावलंय. या औषधाला सडक्या अंड्याचा वास येतो. यातून यकृताला कच्चा माल मिळतो आणि ते आपलं आपण ग्लुटाथायोन बनवतं म्हणे. जाता जाता डॉक्टरांनी विचारलं, "घरी जेवता कुणाबरोबर?" मी म्हटलं, हे कशाच्या तपासणीत येतं? ते म्हणाले, कशाच्याच नाही, सहज विचारलं.

१९ नोव्हेंबर

सेल्डानं मिमायला फोन लावला. फोननं माझ्या चेहऱ्यावर चढवलेलं ते गुलाबी काढून टाकलं आणि फोन माझ्यासमोर धरला. मिमायनं पडद्याजवळ तोंड आणून माझे डोळे निरखले. मग नर्सच्या आवाजात विचारायला लागली. गोळ्या किती, कधीपासून, उलट्या झाल्या का, झोप येते का, आज वार कुठला. मी सगळी उत्तरं दिली. नऊ वर्षांत ती माझ्याशी इतका वेळ बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "परवा पोचते."

मी म्हटलं, "आणि तुझी ड्युटी?"

"खड्ड्यात गेली ड्युटी," म्हणाली आणि रडायला लागली. तिला रडताना बघून मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, ते इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार?

२४ नोव्हेंबर

मिमाय आली. तीन दिवस झाले. वॉर्डात शिरताच आधी सलाईनची बाटली तपासली, मग कागद, मग मला मिठी मारली. रात्री खुर्चीत झोपली. मी जागीच होते. तिचे केस मागं पांढरे व्हायला लागलेत, हे मला फोनवर कधी दिसलं नव्हतं.

सेल्डा आज विमानात बसली असेल. जाताना मिमायच्या हातात माझा हात दिला आणि म्हणाली, "शीर लवकर सापडत नाही हिची. आधी थोडा वेळ हात धरायचा."

६ डिसेंबर

घरी आलो. गोळ्या बंद. रोज दोन अंडी, मासा आणि शेवग्याच्या पाल्याचं, भोपळ्याचं पातळ कालवण. मिमाय चुलीशी उभी असते आणि मी एलिओच्या खुर्चीत बसून सूचना करते. "आलं आधी टाकायचं असतं." "नानाय, तू गप्प बस, तू रुग्ण आहेस." मग मी गप्प बसते. रुग्ण असणं फार सुखाचं आहे.

भात उरत नाही. दोघी मिळून पातेलं चाटून पुसून साफ करतो. सियांग वाकून बघून गेली, म्हणाली, "पुरिंग, रंग उतरला गं तुझा." मिमाय तिच्या अंगावर धावूनच जाणार होती. झोप लागते. घराचा आवाज येत नाही.

११ डिसेंबर

मिमायला तिकडून फोनवर फोन येतायत. तिनं बिनपगारी रजा घेतलीय, तीही संपत आली. आज जेवताना म्हणाली, "सोमवारी तुझं रक्त तपासायचंय. ठीक आलं तर मला अठराला निघावं लागेल. ठीक नसलं तर रजा वाढवून मागते, आजारी आईसाठी देतात ते."

अठरा म्हणजे नाताळच्या आधी. मी म्हटलं, "बघू काय येतंय ते." अंडं अर्धं ठेवलं. तिनं डोळे वटारले, तेव्हा खाल्लं.

१५ डिसेंबर

रिपोर्ट आला. डॉक्टर तिरोल कागद बघून चक्क हसले. "मानांग, झकास. तुमच्या वयाला यकृत इतक्या लवकर सावरतं, हे मी फारसं बघितलेलं नाही. काही काळजी नाही आता. फक्त जेवत राहा."

मिमायनं डॉक्टरांचे दोन्ही हात धरून आभार मानले. तिचे डोळे भरून आले होते. मग बाजूला होऊन तिनं पिशवीतून फोन काढला आणि विमानाचं तिकीट बघायला लागली.

मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर, यंत्राची चूक तर नसेल?"

"चूक नाही. सगळं ठीक आलंय."

"तरी एकदा परत घ्या रक्त. मला मेलीला अजून थकवा वाटतो. अंगही खाजतं, काल फार खाजत होतं. नीट बघा. काहीतरी राहिलं असेल."

मिमायनं वर बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "घाबरलीय बिचारी."

मी खरंच घाबरले होते. बाही वर सारली, हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "घ्या."